नागपूरजवळची शिळावर्तुळं मुद्दाम जाऊन पाहण्यासारखी आहेत का, की नुसते दगडच आहेत?

'नुसते दगड' वाचलं आणि मामा आठवला.

मामाच्या शेताच्या टोकाला, बरडावर, असं एक कडं होतं. कमरेएवढे काळे धोंडे गोलात, आत गोट्यांचा भराव, मधे थोडं फुगीर. आजी त्याला गवळ्याचं कडं म्हणायची आणि आम्हाला वर चढू द्यायची नाही. मी कॉलेजात असताना मामाने संत्र्यासाठी तिथे जेसीबी लावला. धोंडे धुऱ्यावर गेले. भरावाखालून खापरं निघाली, आतून काळी, बाहेरून तांबडी. आणि वीतभर लोखंडी पातं, गंजाने फुगलेलं, पापुद्रे सुटत असलेलं. मी ते दुपट्ट्यात गुंडाळून ओसरीवर ठेवलं. संध्याकाळी ते भंगारवाल्याच्या पोत्यात. मामाचं म्हणणं, "गोटेच त होय बाबू, सोनं थोडीच निघालं!"

मामाजी, लोखंड निघालं होतं. ही वर्तुळं म्हणजे जुन्या लोकांची दफनं; ते पातं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं, मढ्यासोबत ठेवलेलं. नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंडला तर त्याच लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली. नागपूरजवळच्या माहुरझरीला घोडे पुरलेले निघाले, लगामाच्या कड्यांसकट. माणसाची हाडं मात्र बऱ्याच वर्तुळांत तुकडे तुकडेच मिळतात, त्यामुळे सांगाडे बघायच्या आशेने जाऊ नका.

तर जा. काटोल रोडने जुनापाणी गाठा, तिथे तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच तिथे खणलं होतं, पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापरांनी तीन वर्तुळं उकरली. पावसाळ्यात गवतात काही दिसत नाही, हिवाळ्यात सकाळी जा. तिरप्या उन्हात काही धोंड्यांवर वाटीसारखे कोरलेले खळगे उठून दिसतात. आकाशातल्या दिशांशी त्यांचं नातं जोडणारे अभ्यासक आहेत, मला ते अजून पटलेलं नाही.

तुमच्या स्वतःच्या शेतात कडं असेल तर आधी तहसीलला कळवा, मग जेसीबी. 'कळवलं की जमीन गेली' हे मामाचं पालुपद होतं. नुसतं कळवल्याने जमीन जात नाही, हे मी दहा वर्षं सांगतोय. अर्थात केंद्राने जागा संरक्षित केली तर शंभर मीटरात बांधकामाला बंदी येते, म्हणजे त्याची भीती अगदीच खुळी नव्हती. पण बरडावर बांधायचं काय होतं त्याला?

धुऱ्यावरच्या एका धोंड्याला तसे तीन खळगे आहेत. पाऊस झाला की मामाच्या कोंबड्या त्यात पाणी पितात.