आधी आईला भाकरी थापायला लाव

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नव्या स्वयंपाकघराचं ड्रॉइंग आधी मोबाइलवर पाहिलं, मग झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणलं आणि चष्मा लावून पुन्हा पाहिलं. चित्र देखणं आहे. पांढराशुभ्र ओटा, खालच्या कप्प्यांना राखाडी शटर, हँडल तर कुठे दिसतच नाही. पण त्या ओट्यावर एक कोथिंबिरीची काडीही पडलेली नाही. पाथर्डी फाट्याच्या तुझ्या फ्लॅटमध्ये दोन वेळा फोडणी होणार आहे, म्हणून हे लिहून पाठवतोय. फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतोस आणि विसरतोस.

शोरूममध्ये तुला आधी रंग विचारला असणार. रंग सगळ्यात शेवटी. शटर, हँडल, बिजागऱ्या या गोष्टी स्क्रू काढून बदलता येतात. सात-आठ वर्षांनी कंटाळा आला तर दोन दिवसांत नवं रूप. पण ओट्याची उंची, दगड, सिंकचा निचरा, भिंतीतल्या वायरी, शेगडीची जागा यांना हात लावायचा म्हटलं की छिन्नी-हातोडा काढावा लागतो, आणि मग महिनाभर घरात धूळ. डोकं आणि पैसा तिथे घाल.

उंचीचंच बघ. तुझ्या ड्रॉइंगमध्ये सरसकट 34 इंच लिहिलंय, कारण सगळेच तेवढं लिहितात. इंदिरानगरच्या आमच्या घरात मी ओटा 35 इंचांवर बसवला. माझी उंची पाच फूट नऊ, आणि मापं घेणारा मीच. काकू पाच फूट एक. बारा वर्षं तिने डायनिंग टेबलावर परात ठेवून भाकऱ्या थापल्या आणि वाटेत पीठ सांडत तव्यापर्यंत नेल्या. मी गावभर लोकांचे ओटे बसवत फिरत होतो आणि घरातलं हे मला दिसलं नाही. तिने सांगितलं नव्हतं असंही नाही.

कारागिरांचा ठोकताळा असा, की हात कोपरात काटकोनात वाकवायचा, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावायची आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. भाकरीसाठी आणखी एक-दोन इंच वजा. पण आकड्यापेक्षा परातीवर विश्वास ठेव. टेबलावर पाट, त्यावर जाड पुस्तकं असं करत तीन वेगळ्या उंचींवर परात ठेव आणि आईला थापायला लाव. तू भाकरीकडे बघू नकोस, तिच्या खांद्यांकडे बघ. परात उंच असली की खांदे कानाकडे चढतात, जोर नुसत्या मनगटाचा लागतो आणि भाकरी मधे जाड राहते. उंची जमली की हात सरळ होतो, अंगाचा भार तळहातावर येतो आणि भाकरी परातीत आपली आपण गरगर फिरायला लागते. तिथे टेप लाव. तुझ्या आईचं माप 31 च्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे.

पण म्हणून सगळाच ओटा 31 वर आणू नकोस. सिंक नऊ इंच खोल असतं. म्हणजे भांडी घासणाऱ्याचे हात 22 इंचांवर जाणार, आणि पाऊण तासात कंबर धरणार. उलट शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच, त्यावर पातेलं, त्यात डाव. तेव्हा ओट्याला दोन पातळ्या कर. शेगडी आणि तिच्या शेजारचे अडीच फूट खाली, म्हणजे थापलेली भाकरी थेट तव्यावर जाईल. सिंकची बाजू 34 वर. मिस्त्री कुरकुर करेल, दगडाला एक जोड वाढेल, ओट्यात पायरी दिसेल. दिसू दे. आणि भांड्यांना ज्या ताई येतात त्यांनाही एकदा उभं करून माप घे. त्यांना कधी कुणी विचारत नाही.

आता तो पांढरा दगड. शोरूमवाला ज्याला क्वार्ट्झ म्हणतो तो दगडाचा चुरा आणि रेझिन दाबून केलेला असतो. टिकाऊ आहे, पण रेझिनला उष्णता सोसत नाही. आपल्या घरात पापड-कुरडया तळून झाल्या की कढई उतरवून ओट्यावरच टेकते, सांडशीसकट. तुझ्या आईला साठीत "आधी खाली जाळी ठेव" हे शिकवणार आहेस का? शिवाय पांढऱ्यावर हळदीचा हात लागला की झालं. काळा ग्रॅनाइट घे, आणि तोही तपासून. फिकट दगडाला रंग लावून काळा म्हणून विकतात. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं औषध घेऊन कोपऱ्यावर जोरात घास. फडकं काळं झालं तर दुकानातून निघ. पुढच्या काठाला खालून एक बारीक खाच मारून घे, म्हणजे सांडलेलं पाणी तिथेच तुटून खाली पडतं, शटरवर ओघळत नाही. या खाचेचे पैसे किरकोळ असतात आणि न सांगता कुणी मारत नाही.

ओट्याखाली काय, यावर तुझं माझं भांडण होणार हे मला माहीत आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये इथे नाशकात गोदेला पूर आला, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका ओळखीच्या घरी मदतीला गेलो होतो. चार वर्षांपूर्वीचं, सव्वा दोन लाखांचं पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं, किचन चहात बुडवलेल्या खारीसारखं फुगून सुटं झालं होतं. मागच्या खोलीत त्यांच्या आजीचा कडप्प्याचा जुना ओटा होता. बादलीभर पाणी मारलं, चिखल गेला, संध्याकाळी त्याच्यावर चहा झाला. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर पूर येणार नाही, मान्य. पण सिंकखालचा पाइप एक दिवस ठिबकणारच, आणि बोर्डाला तेवढं पुरतं. सिंकखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि त्यात स्टीलच्या ट्रॉल्या कर. बाकी ठिकाणी लाकूड हवंच असेल तर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं मरीन प्लाय, जे 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरतं. कोटेशनवर नुसतं "वॉटरप्रूफ" लिहिलेलं चालवून घेऊ नकोस, आकडा लिहून घे. माल घरात आला की शिक्का स्वतः वाच, लॅमिनेट चढायच्या आत. स्टीलसुद्धा 304 प्रतीचं मागायचं. 202 स्वस्त पडतं, पण ओलीत लवकर गंजतं.

शेगडी पश्चिमेच्या खिडकीखाली दाखवली आहे ती हलव. आषाढात तिकडूनच वारा-पाऊस घुसतो आणि ज्योत फडफडते. आजी वास्तूचं काढेलच. पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक होत असेल तर होऊ दे, सकाळचं ऊन मिळतं. नसेल जमत तर आजीशी वाद मी घालतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं हवीत, कारण तो गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. उद्या पाइपचा गॅस घेतलास तर तो हलका, वर चढतो. त्यामुळे वरचं व्हेंटिलेटरही बुजवू नकोस.

विजेचे पॉइंट मोज आणि वर दोन जास्त घे. 2000 वॅटची इंडक्शन जवळजवळ 9 अँपिअर ओढते, ती 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवायची नाही. ओव्हन, घरघंटी, इंडक्शन यांना 16 अँपिअरचे वेगळे.

कप्प्यांची मापं ड्रॉइंगवरून ठरवू नकोस. एका रविवारी आईची सगळी भांडी हॉलमध्ये मांड, भांडी बाजारातून आणलेली ती पितळी पातेलीसुद्धा, आणि एकेकाला टेप लाव. वर्षाचे गहू, डाळी, उन्हाळ्यात केलेला मसाला हे कुठे राहणार तेही विचार. पुढच्या सिंहस्थाला नातेवाईक स्नानाला रामकुंडावर जातील आणि जेवायला तुझ्याकडे येतील.

ॲडव्हान्स अजून दिला नसशील तर थांब. या रविवारी दोघं इकडे या. पीठ आणि परात आमच्याकडे आहे, टेप मी काढून ठेवतो. काकू म्हणते, आईंना सांग, उपाशी या.

तुझा,
काका