‘छोट्या जागेतही कुणी बोलत नाही’

‘मोठ्या ॲपवरच्या गोंगाटाला कंटाळून मॅस्टोडॉनवर गेले, तर तिथेही कुणी विचारत नाही.’ मॅस्टोडॉन म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक छोट्या-मोठ्या सर्व्हरचं मिळून बनलेलं समाजमाध्यम. थोड्याफार फरकाने ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनात वारंवार येते. त्यातलीच एक हकिकत, ओळखीच्या खुणा पुसून.

ती नोकरीसाठी पुण्यात एकटी राहणारी. "मॅडम, मी रोज लिहिते, फोटो टाकते. एक लाइक नाही. माझ्यातच काहीतरी कमी असणार."

काही भेटी या ‘माझ्यातच कमी’वर गेल्या. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मानणारी. लोकांनी दाद द्यावी ही इच्छा रास्तच, ती दिलीच पाहिजे हा हट्ट मात्र माणसाला पोखरतो. तिला हे पटत होतं, पण वरवर.

एकदा मी विचारलं, "या आठवड्यात तू कुणाला काय विचारलंस?"

"म्हणजे?"

"दुसऱ्यांच्या पोस्टखाली."

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मी वाचतच नाही फारसं. टाकते आणि कोण येतंय बघत बसते."

गाठ इथे सुटली. मोठ्या ॲपवर आपली पोस्ट कुणापुढे न्यायची हे अल्गोरिदम ठरवतो. 2016 साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉनवर मुख्य पानावर पोस्ट काळाच्या क्रमाने येतात, मध्ये कुणी दलाल नसतो. फॉलो करणारं कुणी नसेल, तर लिखाण फारसं कुणाच्या नजरेस पडतच नाही. म्हणजे तिला कुणी नाकारलं नव्हतं, ती कुणाला दिसलीच नव्हती! ‘मी नकोशी’ हा तिचा जुना निष्कर्ष त्या दिवशी पहिल्यांदा हलला. याचं मला आजही समाधान वाटतं.

पावसाळ्यात बाल्कनीतल्या दिव्यावर येणाऱ्या पतंगांचे फोटो काढणं ही तिची आवड. मी सांगितलं, महिनाभर स्वतःच्या पोस्ट कमी, दुसऱ्यांना उत्तरं जास्त. पतंगांचा हॅशटॅगच फॉलो कर. स्वतःची ओळख करून देणाऱ्या पोस्टमध्ये हुद्दा नको, आवड लिही. नुसतं ‘छान’ म्हणून थांबू नकोस, विचार: कुठे दिसला, किती वाजता? आणि फोटोला वर्णन जोड. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ते लिहिण्याची तिथे चांगली रीत आहे.

पुढे एकदा ती आली ती बोलतच. "एकाने पतंगाचं नाव चुकीचं लिहिलं होतं. मी पंखावरची खूण दाखवली, तर म्हणाला, बरं झालं सांगितलंस. आता आम्ही चौघं रोज बोलतो."

"चौघंच? कमी वाटतं?"

"नाही. दोन दिवस दिसले नाही, तर विचारतात."

मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांच्या मते माणसाची अगदी जवळची माणसं पाचच्या आसपास असतात. त्यामुळे फॉलोअर मोजू नका. आपण दिसलो नाही तर कोण विचारेल आणि आपण कुणाला विचारू, हे पाहा. एवढं करूनही एखाद्या सर्व्हरवर सूर जुळला नाही, तर खुशाल दुसरा निवडा. खातं हलवताना फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात.