आजीच्या आठवणींवर मनन लिहिताना

जय ख्रिस्त! आजीच्या आठवणींवर मनन, म्हणजे बायबलच्या वचनाशी जोडलेलं चिंतन, लिहायचं ठरवलंत, फार आनंद झाला. आधी आठवण पूर्ण लिहा, वचन नंतर शोधा. उदाहरणार्थ, पडलेला मणी शोधायला आजीने कंदील कुठे धरला, कोणावर ओरडली, सगळं येऊ द्या. मग बायबलमधलं लूक 15:8-10 वाचा. तिथली बाईही हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडते. साम्य वाचकाला दिसेलच, समजावत बसू नका.

सुरुवातीच्या चुका:
- सुटं वचन उचलणं. अख्खा अध्याय वाचा.
- आजीला संत करणं. तिचा हट्ट, तिच्या शंकाही हव्यात.
- दुःखाला लगेच कारण चिकटवणं. ही चूक सर्वांत जड. बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याच्या मित्रांनी तेच केलं आणि देव त्यांच्यावर रागावला (ईयोब 42:7).

मजकूर आधी घरच्यांना ऐकवा, मगच मंडळीत (चर्चमध्ये) वाचा.