सगळे जोशी एकाच घरातले का?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. शाळेने ‘आपल्या आडनावाचे विद्वान आणि शास्त्रज्ञ’ असा प्रकल्प दिला आहे. आमचं आडनाव जोशी. डॉ. आनंदीबाई, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री आणि महादेवशास्त्री अशी तीन नावं सापडली. ही मंडळी एकमेकांच्या नात्यातली का? दोन्ही शास्त्रीबुवा भाऊ होते का? आणखी कोणाची नावं घ्यावीत?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : भाऊ नव्हेत. गिरगावातल्या एका ग्रंथालयात मी सूचीकार होते. जोशींच्या कार्डांचा खण सगळ्यांत गच्च, आणि नेमकी याच दोघांची गल्लत नेहमीची. संस्कृतिकोश हवा असलेले वाचक बेधडक तर्कतीर्थांचं नाव सांगत. दोघेही शास्त्री, दोघेही कोशकार, गोंधळ होणारच. लक्ष्मणशास्त्री (१९०१–१९९४) धुळ्याकडच्या पिंपळनेरचे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडले, मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या त्यांच्या ग्रंथाला १९५५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीतला तो पहिलाच. महादेवशास्त्री (१९०६–१९९२) गोव्यातल्या सत्तरीचे. भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड ही त्यांची कामगिरी.

पंचांग सांगणारा जोशी गावोगाव असे, म्हणून हे आडनाव असंख्य घरांत आलं. गुजरातीतले थोर कवी उमाशंकरही जोशीच. आनंदीबाईंचं तर माहेरही जोशी आणि सासरही जोशी!

वर्गात कोणी कर्वे असेल तर त्याचं उत्तर निराळं येईल. महर्षी धोंडो केशव, गणिताचे प्राध्यापक असलेले त्यांचे चिरंजीव रघुनाथ, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर आणि दिनकरांच्या पत्नी, मानववंशशास्त्रज्ञ इरावती, हे सारे खरोखरच एका कुटुंबातले.

तुमच्या यादीत दोन नावं जरूर घाला. श्रीधर सर्वोत्तम जोशी बनारस हिंदू विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ होते. वायूतून विद्युत्‌विसर्ग चालू असताना त्यावर प्रकाश पाडला की प्रवाह बदलतो, हे त्यांनी क्लोरीनवरच्या प्रयोगांत दाखवलं. त्याला ‘जोशी इफेक्ट’ म्हणतात. दुसरे पुण्यात जन्मलेले अरविंद जोशी (१९२९–२०१७). संगणकाला माणसाच्या भाषेतली वाक्यरचना कशी उलगडून दाखवायची, यासाठी त्यांनी १९७५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘ट्री ॲडजॉइनिंग ग्रामर’ मांडलं. आज संगणकाशी मराठीत बोलणाऱ्या मुलांना हे नाव ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवत, म्हणजे फिलाडेल्फियात. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्या याच शहरातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून. नातं काही नाही, पण लेकीने नकाशावर या शहराभोवती गोल जरूर करावा.

प्रत्येकाचं नाव मात्र पूर्ण लिहायला सांगा. नुसतं ‘एल. जोशी’ किंवा ‘ए. जोशी’ लिहिलं, तर शिक्षकांना कोण ते कळायचं नाही. नावाखाली जन्मगाव, साल आणि त्या व्यक्तीचं एक काम, तेही मुलीच्या स्वतःच्या शब्दांत. विश्वकोश आता इंटरनेटवर मोफत वाचता येतो. सुरुवात तिथूनच करा.