शेक घेऊनही आवाज गेला, मग उपयोग काय?

घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाचे घरचे माझ्या खोलीचे दार ठोठावतात ते बहुधा पाचव्या आठवड्यात. तोवर पंचवीसेक शेक, म्हणजे किरणांच्या रोजच्या मात्रा, झालेले असतात, पाण्याचा घोटही गिळवत नसतो, आणि बरे करायला आणलेला माणूस दिवसेंदिवस खंगत चाललेला त्यांना दिसत असतो. नाशिक जिल्ह्यातील एका कांदा बाजारात लिलाव पुकारण्यात ज्यांची तीस वर्षे गेली, त्या काकांच्या पत्नीही अशाच एका दुपारी आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उभ्याउभ्याच त्या म्हणाल्या, "मॅडम, इथं आणलं तेव्हा ह्यांचा आवाज नुसता बसलेला होता, आता तर शब्दच फुटत नाही. शेक लागू पडत नसेल, तर राहिलेले दहा कशाला घ्यायचे?"

काकांना स्वरयंत्राचा तिसऱ्या टप्प्यातील कर्करोग होता. पाच महिने आवाज घोगरा होता, पण ओरडून बसला असेल असे समजून ते हळद-मध चाटत राहिले. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा एका बाजूची स्वरपट्टी हालत नव्हती. एकूण ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) ३५ शेकांत, आठवड्यातून पाच दिवस, असे सात आठवडे आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लाटिन हे केमोथेरपीचे औषध, असा उपचार ठरला होता.

काकूंचा प्रश्न ऐकून मला माझीच चूक उमगली. पहिल्या भेटीत मी त्यांना उपचाराच्या यशाविषयी बरेच सांगितले होते, पण उपचार चालू असताना काय काय सोसावे लागेल हे दोन वाक्यांत उरकले होते. म्हणून त्या दिवशी मी त्यांना बसवले आणि सावकाश सांगितले की किरण ज्या भागावर पडतात तेथील कर्करोगाच्या पेशी मरतात, पण त्याच वाटेवरचे घशाचे नाजूक अस्तरही सोलवटते आणि स्वरपट्ट्यांना सूज येते. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून घसा दुखू लागतो, लाळ घट्ट होते, चव जाते आणि आवाज अधिकच बसतो. शेवटचा शेक झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे हा त्रास वाढतो आणि त्यानंतर उतरणीला लागतो. आवाज गेला यावरून गाठ विरघळते आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. ते समजण्यासाठी सूज ओसरू द्यावी लागते, म्हणूनच पेट स्कॅन उपचार संपल्यावर साधारण बारा आठवड्यांनी करतात.

मध्येच थांबण्याबद्दल मात्र मी आर्जवाने बोलले, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. उपचार सुरू होऊन चारेक आठवडे झाले की उरलेल्या कर्करोगपेशी अधिक वेगाने वाढू लागतात. सुट्टी घेतली की त्यांना तेवढी उसंत मिळते. उपचार लांबला तर प्रत्येक जादा दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सरासरी एक टक्क्याच्या आसपास घटते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. काकूंनी बोटांवर हिशोब केला आणि विचारले, "म्हणजे आठवडाभर घरी नेलं तर पाच-सात टक्के गेले?" मी होकार दिला.

यशाचे आकडे त्यांना पुन्हा सांगितले, या वेळी त्यांच्या टप्प्यापुरते. स्वरपट्टीपुरता मर्यादित, अगदी लवकर सापडलेला कर्करोग नुसत्या शेकानेही दहापैकी आठ-नऊ जणांत आटोक्यात येतो. काकांचा आजार त्याच्या पुढे गेलेला होता. एके काळी अशा रुग्णांचे स्वरयंत्र सरसकट काढून टाकत असत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत शेक आणि केमोथेरपी एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ८८ टक्क्यांचे स्वरयंत्र दोन वर्षांनंतरही शाबूत होते. नुसता शेक दिलेल्यांत हे प्रमाण ७० टक्के होते. रोग उरला किंवा उलटला, तर शस्त्रक्रियेचा मार्ग तेव्हाही खुला असतो, हेही मी लपवले नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना भेटले. शेक घेताना मान हालू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात त्या जाळीदार मुखवट्याचे चौकटी वळ त्यांच्या कपाळावर उमटलेले होते. वजन सात किलोंनी उतरल्याने तोच मुखवटा आता सैल पडू लागला होता, आणि तो सैल झाला की नेम चुकू शकतो, म्हणून डॉक्टरांनी नाकातून नळी घालण्याचा निर्णय घेतला. नळी म्हणजे अखेर, अशी समजूत घरोघरी आहे. मला ती फार क्लेश देते, कारण त्या नळीतून जाणाऱ्या दूध-अंड्यांच्या बळावरच बरेच जण उपचार पुरा करतात. सूनबाईंनी नातवाला आजोबांपासून दूर ठेवले होते. बाहेरून दिलेल्या शेकाने अंगात किरण साठून राहत नाहीत, हे कळताच त्याच संध्याकाळी नातवाला आजोबांजवळ जाऊ देण्यात आले.

बोलता येत नसल्याने काकांनी खिशातल्या जुन्या हिशोबपट्टीच्या पाठीवर लिहिले, "परत पुकारा करता येईल?" मी म्हटले, "काका, घरात, फोनवर बोलाल अशी चांगली आशा आहे. ट्रॅक्टरच्या रांगांपुढे तासन्‌तास ओरडता येईल, असं वचन मी देऊ शकत नाही." त्यांनी ती पट्टी घडी करून पुन्हा खिशात ठेवली.

एकही दिवस न चुकवता पस्तीस शेक पूर्ण झाले. पेट स्कॅनमध्ये रोग दिसला नाही. चौथ्या महिन्यात काका स्वतः चालत खोलीत आले. आवाज खरखरीत आणि हलका, पण प्रत्येक शब्द कळत होता. आता ते बाजारात दुसऱ्याने पुकारलेल्या बोली लिहून घेतात. रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असल्याने दर दोन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी होते, आणि मानेवरच्या शेकाने थायरॉइड मंदावू शकते म्हणून रक्तही तपासले जाते. तोंड अजून कोरडे पडते. काकू पाण्याची बाटली त्यांच्या हाताशी ठेवतात, आणि ठेच्याची चव कधी परतणार, हे प्रत्येक भेटीत माझ्याकडे विचारतात.