वर्गात गप्प बसते म्हणून कॉलेज सोडू का?

मावशी,

मी लातूरची. बाबा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, हमाल आहेत, आई शिवणकाम करते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. पुण्यातल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात फी-सवलतीवर प्रवेश मिळाला, आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय समाजशास्त्र. वर्ग लहान, सगळी चर्चा इंग्रजीत. वाचलेलं मला कळतं, पण बोलण्यासाठी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. चर्चेतल्या सहभागाला गुण असतात, माझे ते जातात. मागच्या महिन्यात असंघटित कामगारांवर तास होता. एक मुलगा म्हणाला, हमालांना ठरलेला रोज मिळतो. माझ्या बाबांना पोत्यामागे हमाली मिळते आणि पाऊस लागला, आवक थांबली की काहीच मिळत नाही. मला सगळं माहीत होतं. मी गप्प बसले. त्या रात्री खूप रडले.

मैत्रिणी वाईट नाहीत. पण तास संपला की त्या कॅफेत जातात. तिथल्या एका कॉफीच्या पैशात माझं मेसचं दोन वेळचं जेवण होतं. मग मी उपवास आहे म्हणते. परवा एकीनं विचारलं, "तुझे इतके कसले गं उपवास?" हल्ली रात्री झोप लागत नाही, जेवणावरची वासना उडाली आहे. मावसभाऊ सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. तो म्हणतो, हे सोड, माझ्यासारखी अभ्यासिका लाव. बाबा रोज रात्री फोन करतात, मी सांगते सगळं छान चाललंय. आता खोटं बोलवत नाही. कॉलेज सोडू का?

— गप्प राहणारी, पुणे

*

प्रिय मुली,

सोडू नकोस. निदान या कारणासाठी तरी नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कॉलेज सोडून एमपीएससी करायची असं तू विचारतेस, पण अधिकारी व्हावंसं वाटतं असं एकही वाक्य त्यात नाही. ती इच्छा मावसभावाची आहे. तुझं स्वतःचं जे काही आहे ते हमालीबद्दलच्या चार ओळींत आहे. त्या रात्री तू रडलीस ती इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. बाबांच्या कामाबद्दल तुझ्यासमोर चुकीचं बोललं गेलं आणि ते तसंच राहिलं, हे तुला सहन झालं नाही. असं ज्याला लागतं त्यानंच समाजशास्त्र शिकावं असं मला मनापासून वाटतं.

आधी एमपीएससीचं बोलू, कारण ते लवकर संपेल. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी लागतेच. शेवटच्या वर्षाला असताना पूर्वपरीक्षेला बसता येतं, पण मुख्य परीक्षेच्या आधी पदवी हातात हवी. म्हणजे आज कॉलेज सोडलंस तरी कुठून तरी बी.ए. करावं लागणारच, फक्त ते बाहेरून, एकटीनं आणि शिकवणाऱ्यांशिवाय. शिवाय 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. निबंध आहे, मोठी उत्तरं लिहायची आहेत, आणि वैकल्पिक विषयांत समाजशास्त्रही आहे. जे लिखाण, जे वाचन तू आत्ता करते आहेस ते तिथे फुकट जाणार नाही. पुढे खरंच परीक्षा द्यावीशी वाटली तर तिसऱ्या वर्षानंतर दे. अभ्यासिका तेव्हाही असतील. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबायची आणि साठवलेले क्रेडिट घेऊन परत यायची सोय आहे हे खरं. घरात आजारपण आलं, पैसा पूर्ण आटला, तर ती वाट जरूर वापरावी. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून वापरू नये.

आता खरा विषय. तुला कॉलेजात कोणी ओळखतच नाही. दीड वर्ष झालं, तुझे बाबा काय करतात हे मैत्रिणींना माहीत नाही, तुझ्याकडे महिन्याला किती पैसे असतात हे माहीत नाही, तुला उत्तर येतं हे शिकवणाऱ्या मॅडमना माहीत नाही. मोठ्या कॉलेजात दोनशेच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तीन वर्षं निघून जातात, कुणाला पत्ता लागत नाही. छोट्या कॉलेजात तसं लपता येत नाही. गप्प बसलेलं माणूस रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, आणि ते गप्प का आहे याचा प्रत्येकजण आपापला अर्थ लावतो. मॅडमनी कदाचित लावला असेल की हिनं वाचलेलं नाही. हा अर्थ तूच बदलू शकतेस. आणि त्याची सोयही छोट्या कॉलेजातच आहे: इथे तुझे शिक्षक तुला नावानं हाक मारतात, भेटायची वेळ देतात.

तर या आठवड्यात मॅडमना भेट. वर्ग सुटल्यावर घोळक्यात नको, त्यांची वेळ घेऊन, त्यांच्या खोलीत. मराठीत बोल. पुण्यातल्या मॅडमना मराठी न कळण्याची शक्यता कमी, आणि नसेलच कळत तर तोडक्यामोडक्या इंग्रजीत, हिंदीत, कसंही. एवढंच सांग: "मी वाचून येते. बोलायला वेळ लागतो. त्या दिवशी हमालांच्या मजुरीबद्दल जे बोललं गेलं ते बरोबर नव्हतं. माझे बाबा हमाल आहेत." हे शेवटचं वाक्य जड जाईल, माहीत आहे. पण ते आलं की बाकीचं सोपं होईल.

त्यांच्याकडे काय मागायचं तेही ठरवून जा. चर्चेचा प्रश्न एक दिवस आधी मिळेल का. वर्गात पहिल्यांदा मला बोलू द्याल का, म्हणजे विषय पुढे जायच्या आत माझं म्हणून होईल. सहभागाचे काही गुण लेखी टिपणावर देता येतील का. तुमचं कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर कोणत्या विषयांची उत्तरं मराठीत लिहिता येतात हेही विचारून घे. पुणे विद्यापीठात कला शाखेच्या अनेक विषयांत ती मुभा आहे आणि कित्येक मुलांना ती कुणी सांगतच नाही. यातलं सगळं मिळणार नाही. एक मिळालं तरी हे सत्र वेगळं जाईल.

आणि इंग्रजी? ते शिकायचंच आहे, त्यात पळवाट नको. पण क्रम लक्षात घे. आधी म्हणणं, मग भाषा. रोज तासाला जाण्याआधी दोनच वाक्यं वहीत लिहून ने आणि ती वाचून दाखव. वाचून दाखवण्यात कमीपणा नाही, मोठमोठ्या परिषदांत विद्वान निबंध वाचूनच दाखवतात. याच पुण्यात डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवत होत्या. त्या गावोगाव फिरून लोकांशी बोलल्या आणि इंग्रजीतही लिहिलं, मराठीतही. ज्यांना विचारायला गेल्या त्या माणसांचं जगणं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या लिखाणात जीव आहे. तुझ्याकडे ते घरातच आहे.

हे मी धीर द्यायला म्हणत नाही. महाराष्ट्रात माथाडी (डोक्यावर-पाठीवर ओझी वाहणारे), हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी 1969 साली कायदा झाला. नोंदणी झालेल्या कामगाराची मजुरी मालकानं माथाडी मंडळाकडे भरायची, वर लेव्ही म्हणजे जादा रक्कम भरायची, आणि मंडळानं कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस द्यायचा अशी ती रचना. पुण्यात कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांनी हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी केली, 1974 मध्ये कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून 'कष्टाची भाकर' सुरू केलं. तुमच्या वर्गात पुस्तकातलं असंघटित क्षेत्र शिकवतात, आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार बाजारात ते सकाळी पाठीवर पोतं घेऊन चालत असतं. बसनं जाऊन येता येतं. या सत्राचा प्रकल्प त्यावर कर.

आणि सुरुवात बाबांपासून कर. आज रात्री फोन आला की "सगळं छान" म्हणू नकोस. विचार, "बाबा, पोतं किती किलोचं असतं? पूर्वी किती होतं? थप्पी किती उंच लावता? हमाली कोण ठरवतं, वाढ कधी मिळाली? तुमची माथाडी मंडळात नोंद आहे का? नसेल तर का नाही?" त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड कर, ऐकून वहीत उतरव. लेकीनं कामाचं इतकं बारकाईनं विचारलेलं त्यांनी कधी ऐकलंय का? एकदा हे बोलणं सुरू झालं की वर्गात अवघड जातंय हेही त्यांना सांगता येईल. बाबांना सगळं छान ऐकायचं नसतं गं, त्यांना लेक कशी आहे ते ऐकायचं असतं. ते म्हणतील, जमत नसेल तर ये माय घरी. तेव्हा सांगायचं, येत नाही, पण अवघड आहे.

आता उपवासाचं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. उपवास नसताना उपवास सांगायचा आणि मग मैत्रिणी कॅफेत बसलेल्या असताना मेसची वेळ होईपर्यंत खोलीत एकटीनं थांबायचं, हे फार दमवतं. ज्या मुलीनं "इतके कसले उपवास" विचारलं ना, तिच्या मनात बहुतेक कुजकेपणा नाही. तिच्या लक्षात आलंय. तिलाच गाठ आणि सांग, "माझे महिन्याचे पैसे ठरलेले असतात, कॅफे परवडत नाही. टपरीवर चहा घेऊ, नाहीतर वेताळ टेकडीवर जाऊ." एकदाच सांगायचं, रडायचं नाही, माफीही मागायची नाही. जी मैत्रीण राहील ती राहील. तिनं पैसे देऊ केले तर कधीमधी घ्यायला हरकत नाही, रोज नको. पुण्यात खर्च न करता संध्याकाळ घालवता येते: ग्रंथालय आहे, टेकड्या आहेत, कॉलेजांत पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी चालतात, तिथे मागे बसून बघायला कुणी मज्जाव करत नाही. कॉलेजातल्या एकांकिकेत हात लाव, अगदी पडद्यामागचा. तिथे भाषा मराठी आणि तिथे तुला कुणी गुणांनी मोजणार नाही.

झोप आणि जेवणाबद्दल मात्र थांबून सांगते. हे दोन आठवडे असंच राहिलं, किंवा जगणंच नको असा विचार आला, तर वाट पाहू नकोस. कॉलेजात समुपदेशक असेल तर आधी तिच्याकडे जा. नाहीतर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर कधीही फोन कर. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. हे लाजेचं काम नाही.

पैशांचं शेवटी. फी-सवलत मिळाली म्हणून शिष्यवृत्तीकडे दुर्लक्ष केलंस का? कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल असतं, तिथे विचार की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची कुठली योजना तुला लागू होते. उत्पन्नाचा दाखला लातूरहून काढून घे, जातीचा असेल तर तोही, कारण तो आला नाही म्हणून दरवर्षी कितीतरी अर्ज अडकतात. बाबांची माथाडी मंडळात नोंद असेल तर कामगारांच्या मुलांना तिथून शिक्षणासाठी काही मदत मिळते का, हे त्यांना चौकशी करायला लाव. कॉलेजात 'कमवा आणि शिका' असेल तर नाव दे, ग्रंथालयाचं काम मिळालं तर आणखी बरं. वसतिगृहाचा खर्च झेपत नसेल तर विद्यार्थी साहाय्यक समितीकडे जाऊन ये. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलामुलींसाठी ती संस्था 1955 पासून पुण्यात काम करते आहे.

मावसभावावर माझा राग नाही. तो स्वतः एकटा पडला असेल, म्हणून तुला बोलावत असेल. रविवारी त्याला जेवायला बोलाव, पण अभ्यासिकेतली त्याच्या शेजारची खुर्ची घेऊ नकोस.

मॅडम काय म्हणाल्या ते कळव. आणि बाबांनी पोत्याचं वजन किती सांगितलं तेही लिही, मला ऐकायचंय.

तुझी मावशी