आनंदवनाहून परतलेल्या तरुणास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आटोपून तू आनंदवनात राहिलास, तेथे कुष्ठरुग्णांच्या जखमा धुणाऱ्या एका कार्यकर्त्याला पाहून आपण किती क्षुद्र आहोत हे तुला जाणवले, आणि ही माणसे देवमाणसेच असतात, आपल्यासारख्यांचे ते काम नव्हे, असे लिहून तू पत्र संपवलेस. तुला जे जाणवले त्याने मला बरे वाटले. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र पटला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आनंदवन उभे करणारे बाबा आमटे वरोऱ्याचे वकील आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांबरोबर मैल्याची टोपली डोक्यावर वाहत असत, म्हणजे घाणीला किंवा लोकनिंदेला भिणारे ते नव्हेत. तरीही भर पावसात रस्त्याच्या कडेला मरणपंथाला लागलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण दिसला, तेव्हा ते घाबरून घराकडे पळाले. स्वतःची ती भीतीच त्यांना सहन होईना, म्हणून ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. तू ज्यांच्यापुढे हात जोडतोस, त्यांचे पाऊलही आधी मागेच पडले होते. देवमाणूस म्हटले की नेमके एवढेच आपण विसरतो, आणि आपली सुटका होते.

1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 मध्ये सहा रुग्णांना घेऊन ते वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर, म्हणजे आजच्या आनंदवनात, राहायला गेले. सोबत पत्नी साधनाताई होत्या आणि दोन लहानगी मुले. (भाषणांत साधनाताईंच्या वाट्याला एखादेच वाक्य येते, याचा मला जुना राग आहे.) त्या माळावर रुग्णांनी झडलेल्या बोटांनी विहीर खणली आणि भाजीपाला पिकवला. गाव सुरुवातीला तो विकत घेईना, तरी पिकवणे थांबले नाही. ज्याला घरच्यांनी घराबाहेर काढले, त्याला भाकरी देणे सोपे असते. त्याच्या हातची भाजी पैसे मोजून घरी आणणे अवघड असते.

आता तुला भारावून टाकणाऱ्या त्या ड्रेसिंगविषयी. मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, तेव्हा हे काम जवळून पाहिले आहे. या रोगात मज्जातंतू निकामी होतात आणि तळपाय बधिर होतो. काटा रुतला, निखारा लागला, तरी माणूस चालतच राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. बहुविध औषधोपचाराने सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही, म्हणून पाय रोज सांभाळावा लागतो. टबातल्या साध्या पाण्यात तो थोडा वेळ बुडवून ठेवायचा, टणक झालेली कातडी हलक्या हाताने घासायची, ओलावा टिकावा म्हणून तेल चोळायचे, बोटांच्या बेचक्यांत चीर आहे का ते पाहायचे. अशा रुग्णांच्या एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या) चपलेला खिळा मारत नाहीत, कारण तो आत घुसला तर पायाला कळणारच नाही. चप्पल करणाऱ्याने केलेला हा विचार मला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठा वाटतो. पाय पुढे करताना रुग्ण बहुधा मान वळवतो, कारण आपल्या पायाकडे पाहून समोरच्याचे तोंड वाकडे होते याची त्याला सवय झालेली असते. तू पाहिलेला कार्यकर्ता त्या वेळी पिकापाण्याविषयी बोलत होता, असे तूच लिहिले आहेस. त्याची करुणा तुला डोळ्यांत शोधावीशी वाटली. माझ्या मते ती त्या गप्पांत आणि पाण्याच्या टबात होती, म्हणजे शिकता येण्याजोग्या गोष्टींत होती.

तेव्हा वरोऱ्याला पुन्हा जाण्याची घाई करू नकोस. तुझ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी कर. बरे झालेले, पण पाय बधिर राहिलेले लोक तुझ्याही भागात असू शकतील. परवानगी घेऊन आधी नुसता बसून पाहा, मग टबात पाणी भरण्यापासून सुरुवात कर. हातमोजे जरूर घाल. पहिल्या दिवशी वासाने मळमळेल. तेव्हा बाहेर जाऊन ये, पण नाकाला रुमाल लावू नकोस, समोरच्याला तो लगेच दिसतो.

कळावे.

तुझा,
काका